जागल्याच्या दारात नोटीस येते तेव्हा

संध्याकाळी सातच्या सुमारास फोन येतो. पलीकडचा हवालदार सौम्य आवाजात सांगतो, "साहेबांनी बोलावलंय, पाच मिनिटं येऊन जा." कशासाठी, असे विचारले की उत्तर मिळते, "आल्यावर कळेल. येताना मोबाईल तेवढा घेऊन या." आदल्या आठवड्यात एखाद्या रस्त्याच्या कामाच्या मोजमाप वहीची दोन पाने व्हॉट्सॲपवर फिरलेली असतात. त्या पानांवर काय लिहिले आहे याची चौकशी अजून सुरू व्हायची असते, पण ती बाहेर कोणी दिली याचा शोध मात्र जोरात सुरू झालेला असतो.

असा फोन ज्यांना येऊ शकतो त्या जागल्यांसाठी, म्हणजे आतला गैरव्यवहार बाहेर आणणाऱ्यांसाठी, हे लिहिले आहे. त्यांत महापालिकेतला कनिष्ठ अभियंता आहे, लेखा विभागातला लिपिक आहे, त्यांच्याकडून कागद मिळालेला कोपरखैरण्याच्या सोसायटीचा सचिव आहे आणि ती बातमी छापणारा ठाण्याचा स्थानिक वार्ताहरही आहे. मी वकील नाही. ठाणे आणि बेलापूर येथील कार्यालयांत माहिती अधिकाराचे अर्ज, अपिले आणि त्यांतून उद्भवलेल्या नोटिसा हाताळण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि त्या अनुभवावरून एवढेच सांगू शकतो की बहुतेक नुकसान वकील गाठण्यापूर्वीच्या पहिल्या एक-दोन दिवसांत होते. हे लेखन त्या दिवसांसाठी आहे.

आधी कलम विचारा

अधिकाराचा गैरवापर ओळखण्यासाठी मी एकच प्रश्न विचारतो: हा अधिकार कायद्याने कोणत्या कामासाठी दिला होता, आणि इथे तो कोणत्या कामाला जुंपला आहे? उत्तर मिळण्यासाठी आधी कलमाचा क्रमांक हाती लागावा लागतो, आणि तोंडी बोलावण्यात नेमका तोच नसतो.

ही युक्ती केवळ आपल्याकडची नाही. १८ ऑगस्ट २०१३ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर डेव्हिड मिरांडा यांना दहशतवादविरोधी कायद्याच्या सातव्या परिशिष्टाखाली तब्बल नऊ तास अडवून ठेवले गेले आणि त्यांच्याजवळची उपकरणे काढून घेतली गेली. एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांवर लिहिणाऱ्या पत्रकाराचे ते जोडीदार होते. त्या तरतुदीचा हेतू प्रवासी दहशतवादी कृत्यांशी संबंधित आहे का हे तपासण्याचा होता. जानेवारी २०१६ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने त्या दिवशीची अडवणूक बेकायदा ठरवली नाही, मात्र पत्रकारितेच्या साहित्याला पुरेसे संरक्षण नसल्यामुळे ती तरतूदच मानवी हक्कांच्या युरोपीय कराराशी विसंगत असल्याचे म्हटले. निकालाचे हे दोन्ही भाग लक्षात ठेवण्यासारखे आहेत, कारण न्यायालय अधिकाऱ्याची कृती आणि त्याच्या हातातले कलम वेगवेगळे तोलते, आणि तुमच्या वकिलालाही दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येतो.

तेव्हा फोनवर नम्रपणे एवढेच म्हणावे: "मी येतो, पण लेखी नोटीस द्या." साक्षीदार म्हणून बोलवायचे असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे लेखी आदेश लागतो, आणि तो त्या पोलीस ठाण्याच्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीतील व्यक्तीलाच काढता येतो. महिलांना, पंधरा वर्षांखालील मुलांना, साठ वर्षांवरील पुरुषांना, दिव्यांग आणि गंभीर आजारी व्यक्तींना त्यांच्या राहत्या घराशिवाय अन्यत्र बोलावता येत नाही. आरोपी किंवा संशयित म्हणून बोलवायचे असेल तर नोटीस कलम ३५(३) ची हवी. जुन्या भाषेत जिला '४१-अ ची नोटीस' म्हणत, तीच ही. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावले आहे. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला सहसा अटक करता येत नाही. करायची झाल्यास पोलिसांना कारणे नोंदवावी लागतात. म्हणून नोटीस हाती आल्यावर दडून बसणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

नवी मुंबईत हद्दीचा एक घोळ नेहमी होतो, तो इथेच सांगून टाकतो. खारघर, कामोठे, कळंबोली हा भाग नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येत असला तरी महसुली जिल्हा रायगड आहे, आणि वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात आहेत. जामिनाचा अर्ज कोणत्या न्यायालयात करायचा हे यावर ठरते. नोटिशीवरचा पोलीस ठाण्याचा शिक्का वाचल्याशिवाय वकिलाला ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर धावायला लावू नये.

कोणती कलमे निघतात

कागद फुटला की सर्वांत मोठा दरारा ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्टचा, म्हणजे शासकीय गुपितांच्या कायद्याचा, दाखवला जातो. हा कायदा १९२३ चा, इंग्रजांच्या काळातला आहे. त्याचे कलम ३ हेरगिरीसाठी आहे आणि कलम ५ गुप्त माहिती अनधिकृतपणे देण्या-घेण्यासाठी. कलम ५ मध्ये देणाऱ्याबरोबर घेणाराही अडकू शकतो आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची आहे. तरतूद इतकी ऐसपैस आहे की गटाराच्या निविदेचा कागदही तीत बसवण्याचा मोह होतो. पण याच कायद्याच्या कलम १३ प्रमाणे योग्य त्या सरकारच्या आदेशाने किंवा त्याने दिलेल्या अधिकाराने केलेली तक्रार असल्याखेरीज न्यायालय दखल घेऊ शकत नाही. एखाद्या विभागप्रमुखाच्या रागातून आलेले पत्र म्हणजे अशी तक्रार नव्हे. कागदावर 'गोपनीय' असा शिक्का असल्यानेही तो कागद आपोआप या कायद्याखालचे गुपित ठरत नाही. मजकुराचा राष्ट्राच्या सुरक्षिततेशी किंवा कायद्याने सांगितलेल्या अन्य बाबींशी संबंध आहे का, हे पाहावे लागते.

हा कायदा कसा वाकवला गेला याची उदाहरणे माहीत असलेली बरी, कारण पोलीस ठाण्यात बसलेला माणूस 'हे फक्त माझ्याच बाबतीत घडते आहे' या समजुतीने अर्धा खचलेला असतो. इफ्तिखार गिलानी या दिल्लीच्या पत्रकारांना जून २००२ मध्ये जो दस्तऐवज बाळगल्याबद्दल अटक झाली तो जाहीररीत्या उपलब्ध होता. तरी त्यांना सात महिने तुरुंगात काढावे लागले आणि जानेवारी २००३ मध्ये सरकारने खटला मागे घेतला. आपल्या राज्यात देवळालीच्या लष्करी छावणीतील 'सहायक' पद्धतीवर, म्हणजे जवानांकडून अधिकाऱ्यांची घरकामे करून घेण्यावर, गुप्त चित्रीकरण करणाऱ्या महिला पत्रकारावर २०१७ मध्ये याच कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने तो एप्रिल २०१९ मध्ये रद्द केला. पोलीस ठाण्यातच मोबाईलवर चित्रीकरण केले म्हणून गुन्हा नोंदवण्याचीही एक पद्धत पडली होती. नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये वर्ध्याच्या प्रकरणात आणि औरंगाबाद खंडपीठाने २०२४ मध्ये पाथर्डीच्या प्रकरणात स्पष्ट केले की पोलीस ठाणे हे या कायद्याच्या व्याख्येतील 'निषिद्ध स्थान' नाही. मार्च २०२१ मध्ये पोलीस बदल्यांविषयीचा गोपनीय अहवाल बाहेर आला तेव्हाही मुंबईच्या सायबर पोलिसांनी अज्ञात व्यक्तींविरुद्ध याच कायद्याचा आधार घेतला होता. अहवाल जाहीर करणारे तेव्हाचे विरोधी पक्षनेते पुढे पुन्हा मुख्यमंत्री झाले. सत्तेच्या खुर्च्या बदलतात, हा कायदा मात्र कोणत्याही पक्षाला मोडीत काढावासा वाटत नाही.

वकिलाला दाखवण्यासाठी आणखी दोन तरतुदी टिपून ठेवा. माहिती अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ८(२) म्हणते की शासकीय गुपितांचा कायदा असला तरी, माहिती उघड करण्यातील लोकहित तिच्या गोपनीयतेतून जपल्या जाणाऱ्या हिताहून मोठे असेल तर ती देता येते. आणि कलम २२ प्रमाणे दोन कायद्यांत विसंगती असेल तिथे माहिती अधिकाराचा कायदा वरचढ ठरतो. राफेल प्रकरणात सरकारने 'हे कागद चोरीचे आहेत' असा आक्षेप घेतला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २०१९ रोजी फेटाळला.

महापालिकेच्या पातळीवर मात्र एवढा मोठा कायदा क्वचितच लागतो. तिथे नेहमीची कलमे वेगळी आहेत. 'शासकीय कामात अडथळा' हे त्यांतले पहिले. जुन्या दंडसंहितेतले ३५३ आता भारतीय न्याय संहितेत १३२ झाले आहे; ते दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, पण त्यासाठी लोकसेवकावर हल्ला किंवा बलप्रयोग झालेला असावा लागतो. टेबलासमोर उभे राहून पोच मागणे, आवाज चढणे किंवा फाईल पाहू द्या म्हणून अडून बसणे यांत बलप्रयोग नसतो. म्हणून कार्यालयात कधी एकटे जाऊ नका, आणि बाहेर पडल्याबरोबर काय घडले ते वेळेसह लिहून त्याच दिवशी कार्यालयाच्या ईमेलवर पाठवा. गुन्हा दोन दिवसांनी नोंदला गेला तर हा ईमेल त्याच्या आधीचा ठरतो.

दुसरे कलम खंडणीचे, न्याय संहितेतील ३०८. याबाबतीत आपल्या बाजूची एक कटू गोष्ट मान्य केली पाहिजे: माहिती अधिकाराचा अर्ज टाकून नंतर 'सेटलमेंट' करणारी माणसे या दोन्ही शहरांत आहेत, आणि त्यांच्यामुळे प्रामाणिक अर्जदारावर केलेला खोटा आरोपही लोकांना खरा वाटतो. त्यामुळे ठेकेदाराने चहाला बोलावले तर जाऊ नये. तक्रार 'मागे घेतो' हे शब्द फोनवर, गमतीनेही, उच्चारू नयेत. देणगी, जाहिरात, मंडळाची वर्गणी यांपैकी काहीही ज्याच्याविरुद्ध अर्ज केला आहे त्याच्याकडून घेऊ नये. स्थानिक साप्ताहिकाच्या संपादकांना हे विशेष सांगावेसे वाटते, कारण दिवाळी अंकाची जाहिरात आणि बातमी यांतले अंतर आरोपपत्रात फार लवकर मिटते.

मग येते चॅप्टर केस. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ किंवा १२९ खाली विशेष कार्यकारी दंडाधिकारी म्हणजे आयुक्तालयात बहुधा साहाय्यक पोलीस आयुक्त नोटीस काढतात आणि शांतता राखण्याचे किंवा चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र मागतात. 'नुसती सही आहे, करून टाका' असे सांगितले जाते. करू नका. नोटिशीत तुमच्याविरुद्धच्या माहितीचा गोषवारा दिलेला असावा लागतो. तो मागा, म्हणणे लेखी मांडा, आणि चौकशी सहा महिन्यांत संपली पाहिजे हे लक्षात ठेवा. एकदा बंधपत्र दिले की पुढच्या कागदावर तुमचा उल्लेख 'पूर्वी प्रतिबंधक कारवाई झालेला इसम' असा होतो, आणि त्या वाक्याच्या आधारावर तडीपारीचा प्रस्ताव उभा राहतो.

तडीपारी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५६ खाली होते. अमरावतीत मदरशांना दिलेल्या निधीतील अनियमितता माहिती अधिकारातून उघड करू पाहणाऱ्या एका पत्रकाराला याच कलमाखाली हद्दपार केले होते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये तो आदेश रद्द केला आणि हा टोकाचा उपाय केवळ अपवादात्मक परिस्थितीत वापरायचा असतो असे सांगितले. कलम ५९ ची नोटीस येते तेव्हाच सविस्तर उत्तर द्यावे आणि तुमच्या सर्व अर्जांची तारीखवार यादी त्याला जोडावी. अर्ज कधी केला, सुनावणी कधी झाली आणि प्रस्ताव कधी निघाला हे एका कागदावर ओळीने आले की हेतू वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आदेश निघालाच तर शासनाकडे अपील तीस दिवसांत करावे लागते.

जबाब आणि जप्ती

जबाबाबाबत थोडक्यात: नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० खाली विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरे द्यावी लागतात, पण ज्या उत्तराने तुम्ही स्वतः गुन्ह्यात ओढले जाल ते देण्याचे बंधन नाही. कलम १८१ प्रमाणे या जबाबावर सही घ्यायची नसते. तरीही कागद पुढे सरकवला जातो. चौकशी चालू असताना वकिलाला भेटण्याचा हक्क अटक झालेल्या व्यक्तीला आहे. अटक केलीच तर कारणे लेखी आणि तुम्हाला समजणाऱ्या भाषेत द्यावी लागतात. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये हे सर्व प्रकारच्या गुन्ह्यांना लागू केले आहे.

खरी लढाई मोबाईलवर होते. माझ्या एका स्नेह्याचा लॅपटॉप काही वर्षांपूर्वी जप्त झाला. पंचनाम्यात त्याचे वर्णन 'एक काळ्या रंगाचा लॅपटॉप, चालू स्थितीत' एवढेच होते. पंच म्हणून पोलीस ठाण्यासमोरच्या टपरीवरचा पोरगा आणि एक रिक्षावाला यांच्या सह्या होत्या, आणि दोघांनीही तो लॅपटॉप जवळून पाहिला नव्हता. आठ महिन्यांनी न्यायालयाच्या आदेशाने तो परत घ्यायला आम्ही मुद्देमालाच्या खोलीत गेलो तेव्हा कपाटात काळे लॅपटॉप तीन होते. कारकुनाने तिन्ही टेबलावर मांडले आणि विचारले, "तुमचा कोणता?" स्नेह्याने झाकणावरचा, मुलीने चिकटवलेल्या स्टिकरचा ओरखडा दाखवून आपला ओळखला. मधल्या आठ महिन्यांत त्यात कोणी काय टाकले किंवा त्यातून काय काढले, हे सांगण्याचा कोणताही मार्ग त्या पंचनाम्याने शिल्लक ठेवला नव्हता.

म्हणून जप्तीच्या वेळी वाद न घालता, पण एकेक शब्द उच्चारून, पुढील गोष्टी लिहून घ्यायला सांगा: कंपनी आणि मॉडेल, दोन्ही आयएमईआय (म्हणजे हँडसेटची ओळख पटवणारे) क्रमांक, सिमकार्ड आणि मेमरी कार्ड आहे की नाही, उपकरण चालू होते की बंद, त्याला लॉक होते की नाही, आणि ते कोणत्या वेळी कोणत्या पाकिटात घालून कोणाच्या सहीने सीलबंद केले. आयएमईआय क्रमांक, लॅपटॉपचा सिरियल क्रमांक हे आजच वहीत उतरवून ठेवा; त्या क्षणी हात थरथरत असतात. हॅश व्हॅल्यू मागा. ती म्हणजे साठवलेल्या माहितीवरून गणिताने काढलेला अंगठ्याच्या ठशासारखा आकडा. आत एक अक्षर जरी बदलले तरी तो आकडा बदलतो, आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) खालील प्रमाणपत्रातही त्याची जागा ठेवलेली आहे. झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने बंधनकारक केले आहे, आणि वॉरंटशिवाय झडती घेतली असेल तर कलम १८५ प्रमाणे त्याची कारणे नोंदवून ४८ तासांत दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावी लागतात. चित्रीकरण होत नसेल तर तसे पंचनाम्यात नोंदवायला सांगा. यादीची प्रत घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका. उपकरण परत मिळवण्यासाठीचा अर्ज त्याच संहितेच्या कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे करता येतो.

पासवर्ड सांगावा का, हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, असे संविधानाचे अनुच्छेद २०(३) सांगते. परंतु पासवर्ड त्यात मोडतो का याबाबत न्यायालयांचे निर्णय एका दिशेचे नाहीत. त्यामुळे जागच्या जागी हो किंवा नाही म्हणण्याऐवजी 'वकिलाशी बोलून लेखी उत्तर देतो' असे म्हणा आणि ते वाक्य पंचनाम्यात येईल असे पाहा. नोटीस आल्यानंतर फोनमधले काही पुसू नका. पुरावा नष्ट करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि मूळ आरोप खोटा असला तरी तो टिकू शकतो. वार्ताहरांनी हेही ध्यानात ठेवावे की माहिती देणाऱ्याचे नाव न सांगण्याची मुभा प्रेस कौन्सिल ॲक्ट, १९७८ च्या कलम १५(२) ने दिली आहे ती कौन्सिलसमोरच्या कार्यवाहीपुरती. पोलीस ठाण्यात ती कामी येत नाही. ज्याचे नाव फोनमध्ये असण्याची गरज नाही ते तिथे पहिल्या दिवसापासून नसलेलेच बरे.

फुटलेला कागद राजमार्गाने पुन्हा मिळवा

माझ्या मते सर्वांत परिणामकारक बचाव हाच आहे, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. जो कागद माहिती अधिकारात कोणालाही मिळू शकतो तो एकदा प्रमाणित प्रतीच्या रूपात हाती आला की तो कोणी 'फोडला' या प्रश्नातली हवाच निघून जाते. बातमी प्रमाणित प्रतीवर उभी राहते आणि आत बसलेला माणूस सुरक्षित राहतो.

अर्ज करताना एक सावधगिरी हवी. तुमच्याकडे ज्या वहीचे पान ४३ आले आहे त्याच वहीचे पान ४३ मागितलेत, तर अर्ज पोचल्याच्या दिवशीच कार्यालयाला कळते की वही कोणाच्या टेबलावर होती. म्हणून त्या प्रभागातील त्या तिमाहीत देयके अदा झालेल्या सर्व रस्तेकामांच्या मोजमाप वह्यांची पाहणी मागावी. कलम २(ञ) मध्ये कामांची, दस्तऐवजांची आणि अभिलेखांची पाहणी करणे आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे, हे सारे माहितीच्या अधिकारातच येते. अर्जदार कागद ज्याच्याकडे आला त्याच्याऐवजी दुसराच कोणी असावा. कलम ६(२) प्रमाणे माहिती कशासाठी हवी हे सांगण्याची गरज नाही. राज्याच्या नियमांप्रमाणे अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, विषय एकच असावा लागतो आणि मजकूर दीडशे शब्दांत बसवावा लागतो.

जिल्ह्यातल्या एका कार्यालयात अशी पाहणी मी केली होती. शिपायाने लाल रुमालात बांधलेले दप्तर आणून टेबलावर ठेवले, गाठ सोडली आणि पंखा बंद केला, कारण पाने उडत होती. चार वह्यांपैकी एकीत खडीकरणाच्या तीन वेगवेगळ्या दिवशीच्या मोजमापांवर एकाच शाईच्या, एकाच तिरकसपणाच्या लघुसह्या होत्या, आणि त्यांतला एक दिवस रविवार होता. आमच्याकडे आधी आलेल्या दोन पानांत हे नव्हतेच. आम्ही अकरा पानांच्या प्रमाणित प्रती मागितल्या, त्यांत ती दोन पानेही सहज येऊन गेली.

तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील, आणि त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नवी मुंबईतील कोकण खंडपीठाकडे द्वितीय अपील. तिथे वेळ लागतो, म्हणून प्रथम अपिलाची सुनावणी गांभीर्याने लढवावी. नोव्हेंबर २०२५ पासून कलम ८(१)(ञ) मधील बदल लागू झाल्यामुळे नावे असलेला जवळपास प्रत्येक कागद 'वैयक्तिक माहिती' म्हणून नाकारण्याची सोय झाली आहे. अशा वेळी कलम ८(२) मधील लोकहिताचा मुद्दा अर्जातच मांडून ठेवावा, अपिलाची वाट पाहू नये.

नोकरीत असलेल्यांसाठी

जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला, मे २०१४ मध्ये त्याला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली, पण तो अंमलातच आणला गेला नाही. महामार्गाच्या कामातील भ्रष्टाचार उघड करणारे अभियंता सत्येंद्र दुबे यांची नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत हत्या झाल्यानंतर केंद्र सरकारने एप्रिल २००४ मध्ये केलेला ठराव आजही चालू आहे, परंतु तो केंद्राच्या कार्यालयांपुरता आणि उपक्रमांपुरता आहे. म्हणजे रेल्वेतल्या किंवा जवाहरलाल नेहरू बंदरातल्या कर्मचाऱ्याला तो उपयोगी पडतो, सिडकोतल्या किंवा महापालिकेतल्या कर्मचाऱ्याला पडत नाही. त्याखालची तक्रार केंद्रीय दक्षता आयोगाच्या सचिवांच्या नावे बंद पाकिटात पाठवायची असते. पाकिटावर ती लोकहितार्थ प्रकटीकरणाच्या ठरावाखालची तक्रार असल्याचे लिहायचे, स्वतःचे नाव-पत्ता मात्र पाकिटावर न घालता फक्त आतल्या पत्रात द्यायचा. निनावी पत्राला हे संरक्षण मिळत नाही. राज्याच्या किंवा महापालिकेच्या कर्मचाऱ्याने लाचेचा प्रकार असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर जावे.

कारणे दाखवा नोटीस आली की पहिल्या उत्तरात खुलाशाची घाई न करता ज्या कागदांच्या आधारे आरोप ठेवला आहे त्यांच्या प्रती आणि पाहणी मागावी, आणि मुदतवाढ लेखी घ्यावी. निलंबन झाले तर निर्वाह भत्ता हा तुमचा हक्क आहे. दोषारोपपत्र न देता निलंबन तीन महिन्यांपुढे लांबवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अजयकुमार चौधरी प्रकरणात म्हटले आणि राज्याने २०१९ मध्ये त्याला अनुसरून शासन निर्णय काढला. नव्वदावा दिवस कॅलेंडरवर आजच खुणावून ठेवा. राज्य शासनाचा कर्मचारी मॅटकडे, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, दाद मागू शकतो. महापालिकेच्या कर्मचाऱ्याचा मार्ग वेगळा, तो पदानुसार औद्योगिक न्यायालयाकडे किंवा उच्च न्यायालयाकडे जातो. चुकीच्या दारात घालवलेले सहा महिने परत मिळत नाहीत.

उलट तक्रार

अटकेची भीती खरी वाटत असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज सत्र न्यायालयात करावा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि १५१०० या क्रमांकावर चौकशी करता येते. संपूर्ण गुन्हाच सूडापोटी नोंदला असेल तर तो रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयाकडे त्याच संहितेच्या कलम ५२८ खाली जाता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या भजनलाल प्रकरणातल्या १९९० च्या निकालात अशा परिस्थितींची जी यादी दिली आहे तिच्यातली शेवटची दुष्ट हेतूने केलेल्या कारवाईची आहे.

राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडेही तक्रार करता येते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाने या प्राधिकरणाकडे ज्या बाबी सोपवल्या आहेत त्यांत कार्यपद्धती न पाळता केलेली अटक आहे आणि कायदेशीर अधिकारांचा गैरवापरही आहे. तक्रारीला जोडण्यासाठी पोलीस ठाण्यातले सीसीटीव्ही चित्रीकरण मागावे. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२० च्या आदेशाप्रमाणे ते अठरा महिने, आणि तशी सोय नसेल तिथे किमान एक वर्ष जपून ठेवायचे असते. मागणीचा अर्ज तुम्ही पोलीस ठाण्यातून बाहेर पडलात त्याच आठवड्यात द्यावा, त्यात आत शिरल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ मिनिटासह लिहावी, आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. ती पोच द्यायला नकार मिळाला तर तोच अर्ज पोलीस आयुक्तांच्या कार्यालयात स्पीड पोस्टाने पाठवून पावती वहीत चिकटवून ठेवावी.